काष्ठाभासमीमांसा

न्यायशास्त्रात जो हेतू नसून हेतूसारखा भासतो त्याला हेत्वाभास म्हणतात आणि नैयायिकांनी त्याचे पाच प्रकार मानले आहेत. त्याच चालीवर, जे लाकूड नसून लाकडासारखे भासते त्याला काष्ठाभास म्हणावयास हरकत नसावी, मात्र त्याचे प्रकार किती याविषयी बाजारातील दोन शेजारी दुकानांचेही एकमत होत नाही. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील शहरी सदनिकांमध्ये, विशेषतः दिवाणखान्यातील ज्या भिंतीवर दूरचित्रवाणी संच टांगला जातो त्या भिंतीवर, उभ्या पट्ट्यांची, दोन पट्ट्यांमध्ये खाच सोडलेली, सागवानी किंवा अक्रोडी रंगाची तक्तपोशी करण्याची जी चाल पडली आहे, ती काष्ठाभासाचे सर्वांत व्यापक उदाहरण होय. या भिंतीस ‘फीचर वॉल’ किंवा ‘हायलाइटर’ अशी संज्ञा असून तिच्यामुळे उरलेल्या तीन भिंती आपोआप गौण ठरतात, आणि गृहप्रवेशाच्या दिवशी येणारे पाहुणे त्या तिघींकडे पाहतही नाहीत.

या भिंतीचा पूर्वेतिहास थोडक्यात ध्यानात घेतलेला बरा. मराठी मध्यमवर्गीय घराची भिंत प्रथम नीळ घातलेल्या चुन्याने, पुढे डिस्टेंपरने आणि परिस्थिती सुधारल्यावर ऑइलपेंटने रंगवली जात असे, आणि तिच्याकडून अपेक्षा एवढीच असे की तिने दिनदर्शिका, दिवंगत आजोबांची तसबीर व दहा मिनिटे पुढे लावून ठेवलेले घड्याळ यांचा भार निमूटपणे वाहावा. नंतर तिला शोकेस चिकटली, जिच्यात प्लास्टिकच्या पिशवीतून कधीच बाहेर न काढलेली बाहुली, संगमरवरी ताजमहाल आणि शाळेतील लिंबू-चमचा शर्यतीचा चषक एकत्र नांदत. मग परदेशातील पानगळीचे आणि धबधब्याचे चित्र असलेला वॉलपेपर आला. मग एकच भिंत नारिंगी किंवा मरून करून तिला ‘टेक्स्चर’, म्हणजे पैसे देऊन आणलेला खडबडीतपणा, देण्याचे पर्व आले, ज्यात पाठ टेकून बसणाऱ्या अनेकांचे सदरे खरचटले. पट्ट्यांची भिंत ही या परंपरेतील ताजी अवस्था असून, प्रत्येक अवस्थेतील घरमालक मागल्या अवस्थेची कीव करतो आणि पुढल्या अवस्थेची त्याला कल्पना नसते.

पट्ट्यांना नावे ठेवणारांचा मुख्य आक्षेप असा की हे खोटे लाकूड आहे, आणि जुन्या लोकांच्या घरात असले ढोंग नव्हते. हा आक्षेप इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. पुण्या-मुंबईच्या वाटेवरील भाजे आणि कार्ले येथील चैत्यगृहांत, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहांत, डोंगराच्या पोटात कोरलेल्या कमानदार छताला लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत आणि सुमारे दोन हजार वर्षांनंतर कार्ल्याच्या फासळ्या अजून जागेवर आहेत. परंतु त्या फासळ्या छताला आधार देत नाहीत, कारण छत म्हणजे अखंड कातळ असून डोंगर आपला आपण उभा होता. लाकडी मांडवाची सवय झालेल्या डोळ्यांना छताखाली फासळ्या दिसल्या नाहीत तर चुकल्यासारखे वाटेल, एवढ्याच कारणासाठी तेवढे लाकूड डोंगरावर चढवले गेले असावे, आणि फीचर वॉलमागील विचारसरणी याहून वेगळी नाही. पुढे वेरूळच्या १० क्रमांकाच्या लेण्यात, जे सातव्या शतकाच्या सुमाराचे मानले जाते, कारागिरांनी लाकूड आणण्याचे कष्टही वाचवले आणि त्या फासळ्या थेट दगडातच कोरल्या, ओळीने, समान अंतर राखून आणि इतक्या हुबेहूब की या लेण्यास लोक ‘सुताराची झोपडी’ म्हणू लागले व आत बसलेल्या बुद्धमूर्तीस साक्षात विश्वकर्मा समजू लागले. ज्या वास्तूत सुताराने एक चूकही ठोकलेली नाही तिला सुताराचे नाव मिळावे, हा काष्ठाभासाचा परमोच्च विजय होय. (‘चूक’ हा शब्द येथे लहान खिळा या अर्थी घ्यावा, दुसऱ्या अर्थाचा प्रसंग पुढे येणारच आहे.)

हा दोष केवळ सह्याद्रीच्या परिसराचा आहे असेही नाही. रोमन लेखक प्लिनी याने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात अशी तक्रार नोंदवली आहे की नीरोच्या अमदानीत कासवाच्या पाठीचे कवच रंगवून ते लाकडासारखे दिसेल असे करीत आणि अशा रीतीने त्याची किंमत वाढवीत. ज्या वस्तूची नक्कल इतर लोक करतात तीच वस्तू लाकडाची नक्कल करू लागली, हे पाहून प्लिनीला जो धक्का बसला असेल, तो आज ‘संगमरवरी छटेच्या लाकडी पट्ट्या, पण प्लास्टिकमध्ये’ असे वर्णन ऐकून कोणालाही बसत नाही.

या उलट वाडासंस्कृतीत लाकूड खरे होते, कारण ते कामावर होते. तुळई, म्हणजे दोन भिंतींवर टेकलेला मुख्य आडवा वासा, आणि तिच्यावरील कडीपाट, म्हणजे जवळजवळ बसवलेल्या कड्यांवर अंथरलेल्या फळ्या, यांनी वरचा मजला उचलून धरलेला असे. घर मोजतानाही लोक चौरस फूट न म्हणता ‘खण’ म्हणत, म्हणजे दोन खांबांमधील अंतर, आणि त्यामुळे घराचे माप हेच मुळात लाकडाचे माप होते. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचा कोरीव दर्शनी भाग आणि त्यातील सुरूच्या झाडाच्या घाटाचे खांब आजही पाहावयास मिळतात, तर शनिवारवाड्यातील लाकूड किती अस्सल होते याचा पुरावा १८२८ सालच्या आगीने दिला, जिच्यानंतर मागे राहिले ते मुख्यतः दगडाचे. पुढे असंख्य वाडे पाडले गेले, त्यांतील ‘जुना सागवान’ घनफुटाने विकला गेला आणि त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीतील सातव्या मजल्यावर आता सागवानाच्या छटेची पट्टी सिलिकॉनने चिकटवली जाते. तिने काही उचलून धरावे अशी कोणाचीच इच्छा नसते. ती स्वतः पडली नाही म्हणजे मिळवली.

आता परिभाषेकडे वळू. बाजारात या पट्ट्यांना ‘लूव्हर्स’ म्हणतात, आणि लूव्हर म्हणजे वस्तुतः खिडकीच्या झडपेतील तिरकी फळी, जिच्यातून वारा आत यावा, पाऊस बाहेर राहावा आणि गिरगावातील चाळीच्या गॅलरीत चाललेले संभाषण आतल्या माणसाला स्वतः न दिसता ऐकू यावे, अशी तिची रचना असते. भिंतीवरच्या लूव्हरमागे भिंत असते, त्यामुळे वारा, पाऊस आणि शेजाऱ्यांची बातमी या तिन्हींचा प्रश्न निकालात निघतो व मूळ वस्तूतील केवळ रेघा उरतात. ‘फ्लूटेड’ हे दुसरे नाव ऐकून काही सज्जनांनी त्याचा संबंध बासरीशी जोडला, तो अगदीच चुकीचा नाही, कारण ग्रीक खांबांवरील उभ्या, आत गेलेल्या पन्हळींना हे नाव त्या सारखेपणावरूनच मिळाले. परंतु काटेकोरपणे बोलायचे तर आत गेलेली ती पन्हळ आणि बाहेर फुगलेली ती बोरूसारखी गोल पट्टी, या दोन वेगळ्या जाती असून त्यांना वेगळी नावे आहेत. दुकानदार मात्र आत गेलेल्यास, बाहेर आलेल्यास आणि चौकोनी असलेल्यासही समदृष्टीने फ्लूटेडच म्हणतो, आणि त्याची ही समदृष्टी गीतेत वर्णिलेल्या पंडिताच्या तोडीची आहे.

द्रव्यविचार हा या विषयाचा गाभा होय. पहिला प्रकार एमडीएफचा, ज्यात लाकडाचे तंतू वेगळे करून, राळेत मिसळून, उष्णता व दाब देऊन त्यांची फळी थापतात. ती गुळगुळीत असते, तिच्यावर यंत्राने हव्या तशा खाचा पाडता येतात, आणि तिच्या कडेला पाणी लागले की ती चहात पडलेल्या बिस्किटासारखी फुगते, फरक इतकाच की बिस्किट चमच्याने काढता येते. दुसरा प्रकार डब्ल्यूपीसीचा, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाचा. त्यातील लाकडाचे प्रमाण कंपनीगणिक बदलते आणि काही मालात ते बासुंदीतील चारोळीइतकेच असते, तथापि वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही व ओल्या भिंतीवर ते एमडीएफपेक्षा अधिक काळ टिकते, त्यामुळे कोकणपट्टीत आणि मुंबईच्या उपनगरांत त्याला मागणी आहे. तिसरा ‘चारकोल’ या नावाने विकला जातो आणि नावावरून त्यात कोळसा ठासून भरलेला असावा असे वाटते, परंतु त्याचा मुख्य घटक बहुधा पॉलिस्टायरीन असतो, म्हणजे ज्या कुळात थर्माकोल जन्मला त्याच कुळातले प्लास्टिक. थर्माकोलवर राज्यात २०१८ साली बंदी आली आणि गणपतीची ती शुभ्र मखरे गेली. आता त्याच कुळातील चुलतभाऊ बारमाही मखर होऊन भिंतीवर बसला आहे, बाजूने दिव्यांची माळ सोडली आहे, आणि मध्यभागी ५५ इंची दैवत विराजमान असून त्याचे विसर्जन होत नाही.

चौथा प्रकार लॅमिनेटचा, ज्याला सर्व महाराष्ट्र एका व्यापारी नाममुद्रेवरून ‘सनमायका’ म्हणतो. यातील ‘मायका’ म्हणजे अभ्रक, आणि त्याचा इतिहास मनोरंजक आहे: १९१२ साली अमेरिकेत ओकॉनर आणि फेबर या दोघांनी विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरता येईल असे राळेत भिजवलेले थर तयार केले आणि ‘अभ्रकाऐवजी’ या अर्थाच्या शब्दांवरूनच त्याचे नाव फॉर्मायका ठेवले. म्हणजे प्रथम ते अभ्रकाची बदली म्हणून आले आणि पुढे लाकडाची बदली म्हणून कायम झाले, जसा एखादा गुरुजी रजेवरच्या जागेवर येतो आणि मुख्याध्यापक होऊन निवृत्त होतो. लॅमिनेटच्या १ मिलिमीटर जाडीत राळेत भिजवलेले कागदांचे अनेक थर असतात आणि वरच्या कागदावर लाकडाच्या रेषा छापलेल्या असतात. झाड तोडायचे, त्याचा लगदा करायचा, लगद्याचा कागद करायचा आणि त्या कागदावर झाड छापायचे, असा हा प्रवास असून यात झाडाचे मत कोणी विचारलेले नाही. छपाई फिरत्या रुळाने होत असल्यामुळे ठरावीक अंतरावर चित्र पुन्हा सुरू होते, आणि म्हणून चाणाक्ष पाहुण्याला भिंतीवरील तिसऱ्या पट्टीत जी गाठ दिसते तीच गाठ अकराव्या पट्टीतही त्याच उंचीवर भेटते. खऱ्या झाडात दोन गाठी सारख्या नसतात, परंतु खऱ्या झाडाला सातशे घरांत एकाच वेळी उगवण्याची सक्तीही नसते.

पाचवा आणि सर्वांत कुलीन प्रकार व्हिनियरचा. हे खऱ्या लाकडाचे, साधारण अर्ध्या मिलिमीटरचे पापुद्रे असून ते प्लायवूडवर किंवा एमडीएफवर चिकटवतात, आणि ज्यांच्या घरी ते असते ते लोक संभाषणात ‘ओरिजनल व्हिनियर’ हा शब्दप्रयोग करतात, जो ‘अस्सल मुखवटा’ या शब्दप्रयोगाइतकाच बिनचूक आहे.

रंग निवडताना मराठी माणसाच्या स्वभावाचा एक पैलू प्रकट होतो. नमुन्यांच्या पुस्तकात वॉलनट, ओक, ॲश, वेंगे असे वृक्ष असतात, ज्यांपैकी अक्रोड त्याने दिवाळीच्या सुक्या मेव्याच्या डब्यात पाहिलेला असतो, ओक हे त्याला आडनाव म्हणून ठाऊक असते, आणि वेंगे हा मध्य आफ्रिकेतील वृक्ष आता दुर्मीळ होत चालला आहे याची त्याला वार्ता नसते. परंतु ऐन, किंजळ, फणस, जांभूळ, बाभूळ या ज्या झाडांनी त्याच्या आजोळचे घर, नांगर, उखळ आणि पाट पुरवले, त्यांच्या छटा कोणी छापत नाही आणि छापल्या तरी ‘बाभूळ मॅट फिनिश’ कोणी मागणार नाही. याहून विस्मयकारक गोष्ट अशी की समान अंतर सोडून ठोकलेल्या लाकडी पट्ट्या हा प्रकार त्याच्या घरी पूर्वी दर वैशाखात विनामूल्य येत असे. देवगडहून किंवा रत्नागिरीहून आलेली हापूसची पेटी हीच ती होय: हलक्या लाकडाच्या पातळ पट्ट्या, मध्ये हवेसाठी फटी, चारी बाजूंनी चुका आणि आतून पेंढा. आंबे संपल्यावर ती मोडून बंबात घालीत आणि तिच्यावर अंघोळीचे पाणी तापे. त्या पेट्या जपून ठेवल्या असत्या तर आज तीन दिवाणखाने सजले असते, हे घरातील ज्येष्ठ मंडळी दरवेळी सांगतात आणि दरवेळी कोणी ऐकत नाही.

छटा ठरली तरी ती दुकानातील असते, घरातील नव्हे. दुकानात पिवळसर, सुमारे ३००० केल्व्हिनचा प्रकाश सोडलेला असतो आणि घरी ६५०० केल्व्हिनची पांढरीशुभ्र नळी. एकाच प्रकाशात सारख्या दिसणाऱ्या दोन वस्तू दुसऱ्या प्रकाशात वेगळ्या दिसणे यास रंगविज्ञानात मेटामेरिझम म्हणतात व गृहशास्त्रात ‘मी म्हटलंच होतं’ असे म्हणतात. म्हणून तळहाताएवढा नव्हे तर हातभर नमुना घरी आणावा, तो त्याच भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर पाहावा, आणि एकदा माल घेतला की एक-दोन पट्ट्या जास्तीच्या त्याच बॅचमधून घ्याव्यात, कारण पुढल्या बॅचचा वॉलनट हा आधीच्या वॉलनटचा सख्खा भाऊ असला तरी जुळा नसतो.

यानंतर सुतार येतो आणि त्याच्यासोबत सत्य येते. भिंतीवर ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेले वजन, सोडल्याबरोबर कळते की भिंत उभी नाही; कोपऱ्यात गुण्या, म्हणजे काटकोन तपासण्याचे साधन, ठेवल्याबरोबर कळते की ‘भिंत गुण्यात नाही’, आणि ज्या घराच्या कर्जाचे १७ वर्षांचे हप्ते अजून शिल्लक आहेत त्याच्याविषयी हे वाक्य ऐकणे क्लेशदायक असते. तिरक्या भिंतीवर सरळ पट्ट्या बसवायच्या तर मागे पट्ट्यांचा सांगाडा आणि त्यावर प्लाय ठोकून नवी सपाट भिंत तयार करावी लागते, ज्याने सुमारे २ इंच जागा जाते. १० फुटी भिंतीवर हे क्षेत्रफळ दीड चौरस फुटाहून अधिक भरते. ज्या गृहस्थाने २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातील कार्पेट क्षेत्राची, म्हणजे प्रत्यक्ष वापरण्याजोग्या जमिनीची, व्याख्या पाठ करून विकसकाशी अर्ध्या फुटासाठी भांडण केलेले असते, तोच हे क्षेत्र पट्ट्यांच्या मागील अंधाराला हसतमुखाने दान करतो.

मग भागाकार येतो. भिंत १० फूट २ इंच आणि पॅनेल ६ इंच रुंदीचे असेल तर डावीकडून सुरुवात करणाऱ्यास २० अखंड पॅनेल बसून उजवीकडे २ इंचांची केविलवाणी चिरफळी उरते, जी पुढे आयुष्यभर सोफ्यावरून दिसते. याउलट मधोमध रेघ मारून १९ अखंड पॅनेल मध्ये घेतले तर दोन्ही कडांना चार-चार इंचांचे तुकडे येतात आणि भिंत जन्मतःच तशी असावी असा भास होतो. हे गणित प्राथमिक शाळेतील आहे, परंतु ते काम सुरू होण्यापूर्वी करावे लागते, आणि काम सुरू होण्यापूर्वी घरातील सर्व मंडळी पट्टीला सोनेरी कड असावी की काळी या वादात गुंतलेली असतात. सुतार, जो पुष्कळदा राजस्थानातून आलेला असून ज्यास सर्वजण ‘मिस्त्री’ म्हणतात, या वादात पडत नाही. त्याला काहीही विचारले असता तो ‘हो जायेगा’ एवढेच उत्तर देतो, ज्यात कर्ता आणि काळ या दोहोंचा निश्चित उल्लेख नाही.

आवाजाविषयीचा एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. काळ्या नमद्यावर, म्हणजे दाबलेल्या तंतूंच्या जाड कापडावर, पट्ट्या बसवलेले पॅनेल ‘अकूस्टिक’ म्हणून विकले जाते, आणि ते घेणाऱ्याची समजूत अशी असते की आता शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येणार नाहीत. ध्वनिशोषण आणि ध्वनिरोधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; नमदा खोलीतल्या आवाजाचा घुमारा कमी करतो, परंतु भिंतीपलीकडून येणारा आवाज अडवण्यासाठी वजन लागते आणि ते नमद्याकडे नसते. घुमाऱ्याचे गणित ज्याने प्रथम बसवले त्या हार्वर्डच्या वॉलेस सॅबाइनने १८९५ पासून एका व्याख्यानगृहात दुसऱ्या सभागृहातील आसनांच्या गाद्या रात्री-अपरात्री आणून मांडून मोजमापे घेतली होती. त्यावरून असेही निघते की गाद्या, पडदे आणि माणसे यांनी भरलेला मराठी दिवाणखाना मुळातच पुरेसा ध्वनिशोषक असतो, फक्त त्यातील माणसे शोषतात त्याहून अधिक ध्वनी निर्माण करतात.

ज्यांनी व्हिनियरच्या किंवा खऱ्या लाकडाच्या पट्ट्या घेतल्या त्यांना पॉलिशचा अध्याय चुकत नाही. पूर्वी चपडा, म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरील कीटकांपासून मिळणारी लाख, स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने थरावर थर चढवीत. आता सीलर आणि त्यावर मेलामाइन किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, यांचे फवारे मारतात. पॉलिशपेपरचा आकडा जितका मोठा तितका कागद बारीक, आणि घासावयाचे ते रेषांच्या दिशेने, आडवे कधीच नाही. पट्ट्यांच्या भिंतीत खरी अडचण खाचांची असते, कारण यंत्र तेथे जात नाही आणि माणसाचे बोट कागद गुंडाळल्यावर जाड होते. म्हणून मागची भिंत आधी काळी रंगवून घ्यावी, पट्ट्या जमिनीवर आडव्या ठेवूनच घासून पॉलिश कराव्यात आणि मग चढवाव्यात, हा शहाण्यांचा क्रम होय. पॉलिश दमट हवेत करू नये, कारण बाष्प अडकून विशेषतः लाखेच्या आणि लॅकरच्या थरावर पांढुरके धुके धरते. परंतु मराठी घरातील सर्व सजावट ‘गणपतीच्या आत’ पूर्ण व्हावी असा दंडक असल्याने ती आषाढ-श्रावणातच निघते, आणि त्यामुळे कित्येक भिंतींवर सागवानासोबत महाबळेश्वरचीही छटा उमटते.

लांबी या शब्दाचे दोन अर्थ येथे एकत्र येतात: एक फुटा-इंचांत मोजावयाची, आणि दुसरी भेगा बुजवण्यासाठी पॉलिशवाला व रंगारी वापरतात ती लुकणासारखी लगदी. सुताराकडून मापताना जी लांबी कमी पडते ती लांबीने भरून काढतात, आणि दोन्ही लांब्यांचे पैसे एकाच बिलात लागतात.

परंतु काष्ठाभासाची खरी परीक्षा भिंतीच्या मध्यभागी होत नाही, ती कडेला होते. मध्यभागी प्रत्येक पट्टी लाकूडच असते. कडेला ती संपते, आणि संपताना आपल्या पोटात काय आहे ते दाखवते: एमडीएफ असेल तर तपकिरी पुठ्ठा, डब्ल्यूपीसी असेल तर पोकळ कप्प्यांची रांग, चारकोल असेल तर केवळ काळिमा. वेरूळच्या कारागिराला ही अडचण आली नाही, कारण त्याची फासळी जेथे संपते तेथे पुन्हा तोच डोंगर सुरू होतो. सदनिकेत मात्र पट्टी छतापाशी संपते, स्कर्टिंगपाशी संपते, खिडकीपाशी संपते आणि सर्वांत निर्दयपणे विजेच्या बटणांच्या पाटीपाशी संपते, जी विकसकाने बसवताना भविष्यातील पट्ट्यांचा विचार केलेला नसतो आणि जी म्हणून नेमकी दीड पट्टी व अर्धी खाच यांवर पडते. त्या चौकोनाभोवती कापलेल्या कडा झाकण्यासाठी एल-पट्टी, यू-पट्टी, सोनेरी पट्टी असे उपाय आहेत. आणि जेथे कोणतीही पट्टी जात नाही तेथे मिस्त्री घरातील इयत्ता तिसरीतल्या मुलाकडे तपकिरी स्केचपेन मागतो. या स्केचपेनचा उल्लेख कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात नाही, परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते अंतिम सफाईच्या सर्व साधनांत तिचा मान पहिला आहे. कडा नीट बसलेली स्वस्त भिंत कडा उसवलेल्या महाग भिंतीपेक्षा अधिक लाकडी दिसते, आणि अंदाजपत्रकात कडांसाठी वेगळी रक्कम धरणारा गृहस्थ अद्याप दृष्टीस पडलेला नाही.

भिंत पूर्ण झाल्यावर दोन वर्ग तिच्याकडे आकृष्ट होतात. पहिला धुळीचा. २७ मिलिमीटरची पट्टी आणि १३ मिलिमीटरची फट धरली तर १० फुटी भिंतीत सुमारे ७५ खाचा होतात, आणि ९ फूट उंचीच्या हिशेबाने ६७५ फूट लांबीची, बोटभरही रुंद नसलेली गल्ली दर रविवारी झाडावी लागते, ज्यासाठी घरकामाच्या बाई पहिल्याच दिवशी पगारवाढ मागतात आणि ती न्याय्य असते. दुसरा वर्ग पाहुण्यांचा. मराठी पाहुणा भिंतीची स्तुती करण्यापूर्वी तिच्याजवळ जातो आणि तर्जनीच्या पेराने तिच्यावर दोनदा टकटक करतो. नैयायिकांच्या पाच हेत्वाभासांत शेवटचा ‘बाधित’, म्हणजे ज्याचा खोटेपणा दुसऱ्या प्रमाणाने, बहुधा प्रत्यक्षानेच, सिद्ध होतो तो. टकटकीनंतर जो पोकळ आवाज येतो त्याने हे बाधितत्व सिद्ध होते, पाहुणा ‘छान आहे हो, अगदी लाकडासारखं वाटतं’ असे म्हणतो, आणि यजमान या वाक्यातील ‘सारखं’ हा शब्द रात्रभर उशाशी घेऊन झोपतो.

उरलेल्या तुकड्यांचा विषय राहिला. पॅनेल बाजारात साडेनऊ फुटांचे मिळते आणि फॉल्स सीलिंगखाली भिंत ९ फुटांची उरते, त्यामुळे अर्ध्या-अर्ध्या फुटाचे वीस-एकवीस तुकडे शिल्लक राहतात. ते ‘लागतील कधीतरी’ म्हणून वर्तमानपत्रात बांधून माळ्यावर ठेवले जातात, आणि तेथे ते जुन्या कुकरचे झाकण, सायकलचा पंप व मोडक्या कंदिलाचा सांगाडा यांच्या सहवासात वर्षे काढतात. त्यांपैकी एक मात्र लवकरच खाली येतो. स्वयंपाकघरातील शीतकपाट फरशीच्या उतारामुळे डुगडुगत असते, दार उघडताना दुधाचे पातेले हिंदकळते, आणि कोणीतरी माळ्यावरून तो वॉलनटचा तुकडा काढून, दोन सूत, म्हणजे पाव इंच, तासून, पाचर म्हणून पुढच्या डाव्या पायाखाली सारतो. शीतकपाट स्थिर होते. दिवाणखान्यात ७६ पट्ट्या शोभेला उभ्या असताना घरातला भार तेवढ्या एका तुकड्यावर पेललेला असतो, आणि त्याची कापलेली कड कोणी स्केचपेनने रंगवलेली नसते.